नोकरी लवकर सोडायची असेल तर नोकरीत असतानाच उरकायची कामे

लवकर निवृत्तीचा विचार करणारे बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. कोणता फंड घ्यावा, किती टक्के मिळतील, यावर महिनोन्‌महिने खल होतो. पण आपल्या घराचे एक वर्ष नेमके कितीला पडते, हे विचारले की "असतील साठेक हजार महिन्याला" असे उत्तर येते. हे साठेक हजार बहुतेक वेळा खोटे असतात. मुद्दाम नव्हे, वही न मांडल्यामुळे.

म्हणून पहिले काम वहीचे. मागच्या २४ महिन्यांची बँकेची, यूपीआयची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट काढा. दोन वर्षे अशासाठी की एकाच वर्षात लग्नकार्य, आजारपण किंवा गाडीचे मोठे काम आले असेल तर चित्र बिघडते. मग चार रकाने आखा. पहिल्यात दरमहा जाणारे: किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशी, पेट्रोल, बाहेरचे खाणे. दुसऱ्यात वर्षातून एकदा-दोनदा येणारे: विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, दिवाळी, गणपतीला गावी जाणे, देवकार्य, लग्नांतले आहेर, गाडीचे सर्व्हिसिंग, सहल. तिसरा रकाना लोक हमखास विसरतात, तो म्हणजे आज कंपनी भरते आणि उद्या तुम्हाला भरावे लागेल ते: आरोग्य विमा, मोबाइल-इंटरनेटचे बिल, दुपारचे जेवण, लॅपटॉप, कॅब. चौथ्यात लांबच्या मुदतीचे: दहा वर्षांनी नवी गाडी, सात-आठ वर्षांनी रंगकाम, फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी, दातांची कामे. त्यांची किंमत भागिले वर्षे करून दरवर्षीचा वाटा लिहायचा. आठ लाखांची गाडी दहा वर्षे वापरणार असाल तर वर्षाला ८० हजार.

पुण्या-ठाण्याकडच्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या तिघांच्या कुटुंबाचे नमुन्याचे आकडे घेऊ. दरमहाचे ५८ हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख ९६ हजार. दुसऱ्या रकान्यात १ लाख १० हजार, तिसऱ्यात ७० हजार, चौथ्यात १ लाख २० हजार. बेरीज ९ लाख ९६ हजार. दहा लाख धरा. महिन्याच्या खर्चाला बाराने गुणून थांबला असता तर सात लाखांवर थांबला असता. निवृत्तीचे लक्ष्य वर्षाच्या खर्चाच्या तेहतीस पट धरायचे ठरले (ते का, हे पुढे येतेच), तर या तीन विसरलेल्या रकान्यांनी लक्ष्य एक कोटीने चुकते.

या वहीत घरकर्जाचा हप्ता धरू नका. तो नोकरी सोडायच्या आधी संपवायचा आहे. मुलांचे उच्चशिक्षण आणि आईवडिलांचे आजारपण यांसाठीही वेगळी रक्कम हवी, कारण हे खर्च दरवर्षीचे नाहीत, पण येतात तेव्हा एकदम येतात.

किती पट?

अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली तिथले जुने आकडे तपासून दाखवले की निम्मे शेअर आणि निम्मे सरकारी रोखे असतील, पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तर पैसे तीस वर्षे पुरतात. चार टक्के म्हणजे पंचवीस पट. हाच आकडा आपल्याकडे जसाच्या तसा फिरतो आणि तिथेच घात होतो. तो हिशेब अमेरिकेच्या महागाईवर आणि तीस वर्षांवर बेतलेला आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षे काढायची असतात, आणि सहा टक्के महागाईत खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आजचे दहा लाख बारा वर्षांनी वीस, चोवीस वर्षांनी चाळीस.

आमच्या मते पंचेचाळिशीच्या आसपास सोडणाऱ्याने तेहतीस पट धरावे, म्हणजे पहिल्या वर्षी तीन टक्के काढणे. पंचावन्नला सोडणाऱ्याला तीस पट चालते. पस्तिशीत सोडायचे असेल तर चाळीस पट तरी हवी, आणि तेवढी जमेपर्यंत पस्तिशी बहुधा उलटलेलीच असते.

पुंजीत काय धरायचे नाही, हेही इथेच ठरवून टाका. राहते घर नाही. अंगावरचे दागिने नाहीत, कारण ते मोडायची वेळ आली तर घरात काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे. भावांत वाटणी न झालेली गावची जमीनही नाही. सातबाऱ्यावर नाव असणे आणि हातात पैसे येणे यांत कधी कधी एक पिढी जाते. दुसरा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्याची बाजारातली किंमत विसरा. वर्षाला दहा महिन्यांचे भाडे धरा, त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि दुरुस्ती वजा करा, आणि उरेल तेवढे वर्षाच्या खर्चातून कमी करा.

किती वर्षे लागतील

हे पगारावर कमी आणि हातात येणाऱ्या पगाराचा किती हिस्सा वाचतो यावर जास्त ठरते. महागाई वजा जाता चार टक्के वाढ धरली, पगार निदान महागाईइतका वाढत राहिला आणि शून्यापासून सुरुवात केली, तर तेहतीस पट जमायला लागणारी वर्षे अशी:

२० टक्के बचत: सुमारे ४७ वर्षे
३० टक्के: ३६ वर्षे
४० टक्के: २८ वर्षे
५० टक्के: २१ ते २२ वर्षे
६० टक्के: १६ वर्षे
७० टक्के: ११ ते १२ वर्षे

वीस टक्के वाचवणारा माणूस लवकर निवृत्त होत नाही, वेळेवरही होत नाही. तिशीच्या आतबाहेर सुरुवात करून पन्नाशीला मोकळे व्हायचे असेल तर निम्मे वाचवावे लागते. बचतीत पीएफचे दोन्ही वाटे, तुमचा आणि कंपनीचा, धरा. मात्र मग ते उत्पन्नातही धरा, नाहीतर टक्केवारी फुगते.

निम्मी बचत काटकसरीने क्वचितच साधते. ती साधते पगारवाढ अडवून. दर वाढीतला निम्मा हिस्सा, वाढीव पगाराचा पहिला महिना येण्याआधीच एसआयपीत (म्हणजे फंडात दरमहा आपोआप जाणाऱ्या ठरावीक रकमेत) वळता करा. बोनस आणि थकबाकी सगळीच बाजूला टाका. आणि मोठे खर्च तीनच असतात: घर, गाडी, शाळा. हे तीन निर्णय एक पायरी खाली घेतले तर चहा-वडापावचा हिशेब ठेवायची गरज पडत नाही.

पैसे कुठे, आणि हातात कधी येणार

साठीला निवृत्त होणाऱ्याला पैसे कुठे आहेत याची फारशी फिकीर नसते, कारण तोवर सगळेच मोकळे होतात. पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यापुढे वेगळीच अडचण असते: पुंजी तीन कोटींची, पण त्यातले बरेचसे कुलपात. म्हणून प्रत्येक खात्यापुढे 'हे पैसे कोणत्या वयात हातात येतील' हे लिहून ठेवा.

पीएफ ही स्थिर बाजूची उत्तम जागा. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होते. स्वतःच्या मर्जीने जास्त कापून घेता येते, पण तुमचा स्वतःचा भरणा वर्षाला अडीच लाखांवर गेला की वरच्या भागावरचे व्याज करपात्र होते, तेव्हा तिथे थांबा. नोकरी सोडल्यावर खात्यात पैसे ठेवले तर व्याज मिळते, पण त्या व्याजावर कर लागतो. पूर्ण रक्कम काढायला किती महिने थांबायचे हा नियम बदलत आला आहे, त्यामुळे नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा खर्च पीएफच्या भरवशावर ठेवू नये.

पीएफबरोबर कंपनीच्या वाट्यातून पेन्शन योजनेत जास्तीत जास्त १,२५० रुपये महिना जात असतात. दहा वर्षे सेवा भरली की ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळते. सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगाराच्या पंधरा हजारांच्या मर्यादेवर पंधरा वर्षांचे महिन्याला ३,२१४ रुपये होतात. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कमी होते. रक्कम लहान आहे म्हणून हेटाळू नका. पण नऊ वर्षांवर राजीनामाही देऊ नका.

पीपीएफची पंधरा वर्षे खाते उघडले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. जून २०२५ मध्ये उघडलेले खाते १ एप्रिल २०४१ ला पुरे होते. पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, आणि भरणा न करता वाढवले तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. लवकर निवृत्ताला हे खाते बँकेसारखे वापरता येते. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तरच त्या महिन्याचे व्याज लागते.

एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) मुदतीआधी बाहेर पडताना रकमेचा मोठा भाग ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या पेन्शनमध्ये, घालावा लागतो. कंपनी तुमच्या खात्यात भरत असेल तर जरूर घ्या, नव्या करपद्धतीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत त्यावर वजावट मिळते. पण वहीत त्यापुढे 'साठीनंतर' असेच लिहा.

वाढीची बाजू म्हणजे शेअर बाजार, आणि नोकरी करणाऱ्याला एक-दोन इंडेक्स फंड, म्हणजे सेन्सेक्स-निफ्टीतलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारे फंड, पुष्कळ झाले. त्यांची डायरेक्ट, म्हणजे मध्ये एजंट नसलेली, योजनाच घ्या. रेग्युलर योजनेत दरवर्षी कमिशन कापले जाते. फरक अर्धा ते एक टक्का दिसायला किरकोळ, पण तीन कोटींवर एक टक्का म्हणजे वर्षाचे तीन लाख, घरखर्चाचे जवळजवळ चार महिने. मनीबॅक, एन्डॉवमेंट असल्या बचत आणि विमा एकत्र करणाऱ्या पॉलिसी असतील तर त्या पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू) करता येतात का ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. विम्यासाठी साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा), तोही पुंजी पुरी होईपर्यंतच.

आणखी एक गोष्ट पहिल्यापासून सांभाळा. नवरा-बायको दोघे कमावत असाल तर गुंतवणूक ज्याच्या त्याच्या पगारातून, ज्याच्या त्याच्या नावावर करा. नवऱ्याने बायकोच्या नावे पैसे टाकले तरी त्यावरचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. गुंतवणूक दोघांच्या नावांवर असल्याचा फायदा पैसे काढताना कळतो.

पगाराची स्लिप हातात आहे तोवर

नोकरीचा उपयोग पगारापुरता नसतो. काही दारे फक्त पगारदारालाच उघडतात, आणि राजीनाम्यानंतर तीच दारे ठोठावताना माणूस हैराण होतो.

सगळ्यात आधी आरोग्य विमा. कंपनीची गट पॉलिसी शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. स्वतःची पॉलिसी घेतली की सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांसारख्या ठरावीक उपचारांनाही अशीच मुदत असते. त्यामुळे सोडायच्या किमान चार वर्षे आधी, कंपनीची पॉलिसी चालू असतानाच, स्वतःची घ्या. थांबण्याची मुदत कंपनीच्या छत्राखाली निघून जाते. दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर दहा लाखांपुढचे बिल उचलणारा मोठा सुपर टॉप-अप, ही जोडी एका मोठ्या पॉलिसीपेक्षा स्वस्त पडते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा आहे का ते बघा. पाच लाखांच्या पॉलिसीत एक टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला पाच हजार. तुम्ही दहा हजारांच्या खोलीत राहिलात तर फक्त खोलीचे नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे भाड्याशी जोडलेले सगळे खर्चही निम्मेच मंजूर होतात. मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. आणि फॉर्ममध्ये बीपी, साखर, जुने ऑपरेशन, सगळे लिहा. एजंट "लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणाला तर एजंट बदला. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती दिली नाही' या कारणावर कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण त्याआधी लपवलेली गोष्ट सापडली तर ऐन इस्पितळात पायाखालची जमीन सरकते.

दुसरे काम पीएफच्या कागदांचे, आणि हे सर्वांत जास्त रखडते. सगळ्या जुन्या नोकऱ्यांची खाती एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायमच्या क्रमांकाखाली) आणा. मग आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे का ते ताडून बघा. एकीकडे वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर, दुसरीकडे पूर्ण नाव. किंवा लग्नाआधीचे नाव एका ठिकाणी आणि नंतरचे दुसऱ्या, यावर क्लेम परत येतो. जुन्या कंपनीने 'नोकरी सोडल्याची तारीख' भरली नसेल तर तीही भरून घ्या. दुरुस्तीला अनेकदा कंपनीची मंजुरी लागते. कंपनी बंद पडली तर चकरा वाढतात. नॉमिनीचे नावही बघा, लग्नाआधी टाकलेले आईचे नाव वीस वर्षांनी तसेच निघते.

तिसरे, घरकर्ज. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. शेवटच्या तीन-चार वर्षांत कर्ज संपवून टाका. फेडल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. सोसायटीच्या दप्तरातली बँकेच्या बोजाची नोंदही काढून घ्या, ती घर विकताना आठवते. आणि चांगले क्रेडिट कार्ड हवे असेल तर पगार चालू असतानाच काढून ठेवा.

पैसे काढायची रचना

लवकर निवृत्ती बुडते ती बहुतेक वेळा सरासरी परतावा कमी पडल्याने नव्हे, पहिल्या चार-पाच वर्षांत बाजार पडल्याने. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात आठ हजारांखाली जाऊन आला. २०१० च्या दिवाळीत त्याने जुने शिखर गाठले खरे, पण ते ओलांडून टिकायला २०१३ सरत आले. ज्याने २००८ च्या जानेवारीत राजीनामा दिला असेल त्याला या सहा वर्षांत दरमहा युनिट विकून घर चालवावे लागले असते.

म्हणून सगळी पुंजी एका फंडात आणि पहिल्या महिन्यापासून त्यातून एसडब्ल्यूपी (फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढणे), ही रचना करू नका. आपल्या उदाहरणातल्या ३ कोटी ३० लाखांची (दहा लाखांच्या तेहतीस पट) तीन डब्यांत विभागणी अशी बसते: पहिल्या डब्यात २० लाख, म्हणजे दोन वर्षांचा खर्च, बचत खाते, मुदत ठेवी आणि लिक्विड फंडात. दुसऱ्या डब्यात १ कोटी १० लाख, स्थिर बाजूला: पीएफ, पीपीएफ, सरकारी रोखे, रिझर्व्ह बँकेचे सात वर्षांचे बदलत्या व्याजाचे बाँड. हे बाँड एनएससीच्या (पोस्टाच्या राष्ट्रीय बचत पत्राच्या) दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त देतात आणि दर १ जानेवारी व १ जुलैला व्याज खात्यात येते. तिसऱ्या डब्यात उरलेले दोन कोटी, इंडेक्स फंडांत. बाजार निम्मा झाला तरी २ कोटी ३० लाख उरतात आणि वर्षाचे दहा लाख म्हणजे ४.३ टक्के होतात. सगळे शेअरमध्ये असते तर १ कोटी ६५ लाख उरले असते आणि तेच दहा लाख सहा टक्के झाले असते.

काढायची पद्धत: बाजार शिखराजवळ असेल तर एप्रिलमध्ये फंडातून एक वर्षाचा खर्च विकून पहिल्या डब्यात भरा. वीस टक्क्यांहून जास्त पडलेला असेल तर फंडाला हात लावू नका, दुसऱ्या डब्यातून भरा, आणि त्या वर्षी सहल व नवी गाडी पुढे ढकला. पहिल्या डब्यातून स्वतःच्या खात्यावर दर १ तारखेला 'पगार' जमा होऊ द्या.

कराचे गणित इथे तुमच्या बाजूने असते. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे इक्विटी फंडाचे युनिट वर्षभरानंतर विकले तर नफ्यातले पहिले सव्वा लाख करमुक्त, पुढे १२.५ टक्के. दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या करपद्धतीतली चार लाखांची मूळ सूटही या नफ्याला वापरता येते. दहा लाखांचे युनिट विकले आणि त्यात सहा लाख नफा असेल, तर चार आणि सव्वा वजा जाऊन ७५ हजारांवर कर लागतो, सेससह ९,७५० रुपये. हीच विक्री नवरा-बायको दोघांच्या नावांत विभागलेली असेल तर शून्य. मात्र 'बारा लाखांपर्यंत कर नाही' ही सवलत या नफ्याला लागू नाही, आणि व्याजाचे उत्पन्न असेल तर ते चार लाखांची सूट आधी खाते.

तालीम आणि तारीख

लक्ष्य गाठायच्या वर्षभर आधी तालीम करा. १ तारखेला पगारातून ठरलेली रक्कम, आपल्या उदाहरणात ८३ हजार, वेगळ्या खात्यात टाका आणि बारा महिने घर फक्त त्यावर चालवा. दिवाळी, विम्याचे हप्ते, शाळेची फी, सगळे त्यातूनच. दोन महिन्यांहून जास्त वेळा बाहेरून पैसे घ्यावे लागले तर आकडा चुकला आहे. वही पुन्हा उघडा. ही तालीम घरच्यांनाही कळू द्या. आईवडिलांना आणि सासुरवाडीला "मग दिवसभर करणार काय?" याचे उत्तर द्यावेच लागते, आणि ते आधी जोडीदाराशी ठरलेले बरे.

राजीनाम्याची तारीख पंचांग नव्हे, आर्थिक वर्ष बघून ठरवा. बोनस कोणत्या महिन्यात हातात येतो आणि तोवर नोटिशीत असलात तर मिळतो का, हे कंपनीच्या धोरणात वाचा. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे भरलीत का ते मोजा: मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, आणि २० लाखांपर्यंत करमुक्त. रजेचे पैसेही खासगी नोकरीत एकूण २५ लाखांच्या मर्यादेत करमुक्त आहेत. शेवटचा दिवस मार्चऐवजी मे-जूनमध्ये ठेवला तर नव्या वर्षात दोन-तीनच पगार येतात. ते आणि वर्षातले इतर उत्पन्न मिळून १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल तर नव्या करपद्धतीत पगारावरचा कर शून्यावर येतो आणि कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळतो.

शेवटच्या आठवड्यात फॉर्म १६, सगळ्या पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचे पासबुक स्वतःच्या ईमेलवर घ्या. बँक, फंड, विमा, डीमॅट यांपैकी कुठे कंपनीचा ईमेल किंवा कंपनीने दिलेला मोबाइल नंबर नोंदला असेल तर तो आधीच बदला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो ईमेल बंद होतो, आणि पुढचा ओटीपी तिकडेच जातो.